पडद्याआडचा आवाज

ग्रिगोरी कोझिन्त्सेव यांच्या 'किंग लिअर' (१९७१) या रशियन चित्रपटात राजा दिसायच्या आधी त्याचं हसणं कानावर येतं. दाराआड विदूषकाची घुंगरं खुळखुळतात, आणि मग एक लहानखुरा, पांढऱ्या केसांचा म्हातारा शेकोटीकडे येतो. हा चेहरा एस्टोनियाचे नट युरी यार्वेट यांचा. रशियन ही त्यांची मातृभाषा नव्हती, म्हणून कवी पास्तरनाक यांच्या अनुवादातले संवाद झिनोवी गेर्ट यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले.

गेर्ट हे मॉस्कोच्या बाहुलीनाट्याचे नट. त्यांच्याकडे लिअरचा आवाज कुठून आला, हे समजून घ्यायचं तर १९४३ सालापर्यंत मागं जावं लागतं.

त्यांचा जन्म १९१६ सालचा, सेबेझ या लहानशा गावातल्या एका ज्यू घरातला. खरं नाव झालमान ख्रापिनोविच. मॉस्कोत मेट्रोच्या बांधकामावर वीजकाम करता करता ते नाटकाकडे वळले आणि नाटककार अर्बुझोव व दिग्दर्शक प्लुचेक यांच्या स्टुडिओत दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात ते सुरुंग-पथकात अधिकारी होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये खारकोवजवळ त्यांच्या पायावर घाव बसला. एकामागून एक अकरा शस्त्रक्रिया झाल्या. पाय वाचला, पण आठ सेंटिमीटरनं आखूड झाला.

रंगमंचावर नुसतं चालत येणं ही नटाची पहिली ओळख. तीच गेली, तर तरुण नटानं करायचं काय? रुग्णालयात त्यांनी बाहुल्यांचा खेळ पाहिला. प्रेक्षकांना बाहुली दिसते, ती नाचवणाऱ्याचे पाय दिसत नाहीत, ही गोष्ट त्यांनी तेव्हा हेरली. १९४५ मध्ये ते सर्गेई ओब्राझ्त्सोव यांच्या मध्यवर्ती बाहुली नाट्यगृहात गेले, कविता म्हणून दाखवल्या आणि त्यांची निवड झाली. पुढची सदतीस वर्षं ते तिथेच होते.

पिंगुळीच्या आपल्या कळसूत्री बाहुल्या वरून दोऱ्यांनी चालतात. ओब्राझ्त्सोव यांच्याकडच्या अनेक बाहुल्या खालून, काठ्यांवर पेलायच्या. नट उंच आडपडद्यामागे उभा राहतो आणि बाहुली डोक्यावर धरतो. एका हातात मधली काठी, दुसऱ्यात बाहुलीच्या हातांच्या बारीक काड्या. हात खाली आला की पात्र जमिनीत बुडतं. खांदे भरून येतात, तरी आवाजात त्याचा मागमूस लागू द्यायचा नसतो. शिवाय बाहुलीचा चेहरा बदलत नाही, तेव्हा राग, लाज, लाडीगोडी सगळं गळ्यातूनच यायला हवं. माझ्या मते डबिंगची याहून कठोर शाळा नसेल.

या शाळेतलं गेर्ट यांचं सर्वांत गाजलेलं पात्र म्हणजे 'असाधारण मैफल'मधला निवेदक. १९४६ मध्ये हा प्रयोग आला तेव्हा त्याचं नाव नुसतं 'साधारण मैफल' होतं. निवेदक एदुआर्द अप्लोम्बोव म्हणजे चकचकीत शर्टातला, स्वतःच्या वाक्चातुर्यावर बेहद्द खूश असलेला गृहस्थ. परदेश दौऱ्यांवर गेर्ट हे निवेदन त्या त्या देशाच्या भाषेत करत. नुसते शब्द पाठ करून भागत नाही. परक्या भाषेत विनोद उभा करायचा तर कुठे थांबायचं, कुठे ओढायचं, हे तिथल्या माणसाच्या कानानं ऐकावं लागतं.

सोव्हिएत काळात डबिंगसाठी चित्रपटाचे लहान लहान तुकडे कापून त्यांची कडी करत. तोच तुकडा पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरे आणि ओठ, श्वास, शब्द जुळेपर्यंत नट बोलत राही. पण ओठ जुळले म्हणजे माणूस जुळला असं नाही. 'फानफान ला ट्युलिप' या फ्रेंच चित्रपटाच्या रशियन आवृत्तीतलं गेर्ट यांचं खेळकर निवेदन आणि लिअर शेजारी ठेवून ऐकावं. निवेदनात आवाज चित्राच्या पुढे बागडतो, तर लिअरमध्ये तो यार्वेट यांच्या डोळ्यांमागे जाऊन बसतो. यार्वेट यांचं श्रेय त्यानं तिळभरही कमी होत नाही. शेवटी किल्ल्याच्या तटावरून लिअरचा आक्रोश येतो, सैनिक वर पाहतात आणि मग कॉर्डिलियाला उचलून आणणारा बाप दिसतो. तिथे चेहरा कुणाचा, गळा कुणाचा, हे मला वेगळं काढता येत नाही.

गेर्ट आडपडद्याबाहेरही आले. 'सोन्याचं वासरू' (१९६८) या चित्रपटातला पानिकोव्स्की लंगडत चालतो, ते त्यांचं स्वतःचं चालणं. कीवच्या व्यंगचित्रपटात ते कॅप्टन व्रुंगेलचा आवाज झाले. येर्मोलोवा नाट्यगृहात रोनाल्ड हार्वुड यांच्या 'द ड्रेसर'मध्ये त्यांनी भूमिका केली, तेव्हा सत्तरी गाठली होती.

१९९६ च्या सप्टेंबरात त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा सोहळा झाला. आजार बळावला होता. रंगमंचाच्या कडेपर्यंत त्यांना आधार देऊन आणावं लागलं. तिथून पुढे ते स्वतःच्या पायांनी प्रकाशात गेले आणि दाविद सामोयलोव यांची एक कविता त्यांनी तोंडपाठ म्हटली. १८ नोव्हेंबरला ते गेले.