लुकलुकणारी रेघ आणि आईच्या ओव्या

दादाचा लॅपटॉप २०११ सालचा. त्यावर त्याने शेतीचे हिशेब मांडले, वहिनीने पोरांचे फोटो साठवले आणि आईच्या शेवटच्या दिवाळीत तिला जात्यापाशी बसवून तिच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. गेल्या जूनमध्ये तो सुरूच होईना. बटण दाबलं की काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. दुकानदार म्हणाला, सिस्टीम नव्याने टाकावी लागेल, पण याचा डीव्हीडी ड्राइव्हच बंद पडलाय, भंगारात द्या. दादा तो पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आला. "बघ गं, आईच्या ओव्या तेवढ्या निघाल्या तर."

मी डीटीपीचं काम करते. सिस्टीम बिघडली म्हणजे फायली गेल्या असं नसतं, एवढं मला अनुभवाने ठाऊक होतं. म्हणूनच दुकानदाराचं बोलणं मला लागलं. कुणाच्या मशीनमध्ये काय आहे ते विचारल्याशिवाय भंगार हा शब्द तोंडातून निघूच नये.

डीव्हीडी चालत नसेल तर आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. माझ्या भाचीने उत्साहाने लिनक्स मिंट या सिस्टीमची तीनेक जीबीची आयएसओ फाइल उतरवली आणि पेनड्राइव्हवर कॉपी केली. पडद्यावर आलं, 'नो बूटेबल डिव्हाइस'.

"आत्या, फाइल तर आहे ना यात?"

फाइल होती. पण जुना लॅपटॉप सुरू होताना फाइल शोधतच नाही. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बायॉस नावाचा छोटा प्रोग्राम असतो, तो आधी जागा होतो. डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ५१२ बाइट्स तो वाचतो. त्यातल्या शेवटच्या दोन बाइट्समध्ये ठरलेली खूण दिसली, तरच पुढचा कारभार तिथल्या कोडच्या हाती देतो. फाइल नुसती कॉपी केली की हे ५१२ बाइट्स लिहिले जात नाहीत. त्यासाठी रुफस किंवा व्हेंटॉयसारखा मोफत प्रोग्राम लागतो. रुफसमध्ये एवढ्या जुन्या मशीनसाठी पार्टिशन स्कीम 'एमबीआर' निवडायची. पेनड्राइव्हवर आधीचं जे काही असेल ते सगळं पुसलं जातं, तेव्हा आत कुणाचं लग्न वगैरे नाही ना, ते पाहून घ्यावं.

लिनक्सच का? विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती या लॅपटॉपमध्ये नाही. मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीला मात्र याची चार जीबी रॅम पुरते, आणि २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

पुढे बूट मेन्यू. बटण दाबल्याबरोबर एफ१२ टिचकवत राहायचं. काही कंपन्यांत ती कळ एफ९ असते, काहींत एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडला आणि दोनेक मिनिटांत हिरवट पानासारखा डेस्कटॉप उघडला. ही सगळी सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालत असते, याला लाइव्ह सेशन म्हणतात. हार्डडिस्कवर अजून एक अक्षरही लिहिलेलं नसतं. घाई करायची नाही ती इथेच. 'इन्स्टॉल'च्या चिन्हाला हात न लावता आम्ही आधी जुनी डिस्क उघडली. शेतीचे हिशेब, फोटो, आणि 'आई' नावाचं फोल्डर. त्यातल्या पहिल्या फाइलवर भाचीने क्लिक केलं. आधी जात्याची घरघर आली, मग आईचा आवाज. दादा उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, दुसरी प्रत माझ्या कॉम्प्युटरवर ठेवली. दोन्हीकडे फायली उघडून पाहिल्या आणि मगच 'इरेज डिस्क' निवडलं. पुढचं काम अर्ध्या तासाचं.

आता भाची त्याच लॅपटॉपवर ओव्या ऐकून मराठीत उतरवून घेते. परवा तिने हेडफोन काढून विचारलं, "आत्या, आजी वैरण म्हणतेय. जात्यापाशी जनावरं कुठून आली?"

मी तिला मूठ करून दाखवली. जात्याच्या तोंडात घालतात त्या मूठभर दाण्यांनाही वैरणच म्हणतात.