खात्याचे आवार : शाश्वत व्यवस्था आणि कर्मचाऱ्यांचा सहभाग

पालापाचोळा जाळू नये, त्याचे खत करावे. पावसाचे पाणी आपल्याच शिवारात मुरवावे. पंप आवश्यक तेवढाच वेळ चालवावा, असे कृषी खाते शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे. हे सांगणे शास्त्रशुद्ध आहे, याविषयी दुमत नाही. परंतु हा सल्ला ज्या कार्यालयातून अथवा प्रक्षेत्रावरून दिला जातो, त्याच्या आवारात पानगळीच्या दिवसांत पाचोळ्याच्या ढिगातून धूर निघत असेल, टाकी भरून पाणी वाहत असेल आणि रिकाम्या खोलीत पंखा फिरत असेल, तर त्या सल्ल्याचे वजन किती उरणार? शेतकरी हा बारकाईने पाहणारा माणूस आहे. तो भित्तिपत्रक वाचतो, तसेच आवारही वाचतो. दिव्याखालचा अंधार त्याच्या नजरेतून सुटत नाही.

यास्तव नैसर्गिक साधनांचा जपून वापर हा विषय केवळ शेतकऱ्यांना शिकविण्याचा नसून शासनाच्या प्रत्येक प्रक्षेत्राने, रोपवाटिकेने व कार्यालयाने प्रथम स्वतः आचरण्याचा आहे. हे आचरण टिकाऊ कसे होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शाश्वत व्यवस्था म्हणजे काय?

आजच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याची शक्ती कमी होऊ न देणे, हा शाश्वत विकासाचा अर्थ १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने जगापुढे मांडला. शेतकऱ्यास हा विचार नवा नाही. जमिनीतून जे घेतले ते खताच्या रूपाने तिला परत करावे आणि बियाण्याची कणगी उपासमारीतही फोडू नये, हा त्याचाच साधा अर्थ होय. सरकारी आवारासही तोच नियम लागू पडतो. तेथील माती, पाणी, वीज व कागद यांचा वापर असा असावा की आवक आणि जावक यांचा मेळ बसावा व आज होणाऱ्या उधळपट्टीचा भार उद्यावर पडू नये.

इंदूरचा धडा

या विषयात आपल्या देशात घडलेले एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक होते. मध्य कापूस समिती व मध्य भारतातील संस्थाने यांच्या साहाय्याने ही संस्था चालत असे आणि तिची जमीन होळकर दरबाराने दिलेली होती. हॉवर्ड, त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तेथे शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची जी पद्धत बसविली, ती पुढे ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. या कामाची माहिती देणारे हॉवर्ड व वाड यांचे पुस्तक १९३१ मध्ये प्रकाशित झाले. १९३५ मध्ये महात्मा गांधींनीही या संस्थेस भेट देऊन हे काम पाहिले.

इंदूर पद्धतीचे शास्त्र थोडक्यात असे आहे. काडीकचरा व पाला यांत कर्बाचे प्रमाण जास्त असते, तर शेण व मूत्र यांत नत्राचे प्रमाण जास्त असते. दोहोंचे योग्य मिश्रण करून त्यास पुरेसा ओलावा व हवा मिळाल्यास सूक्ष्म जीव आपले काम करू लागतात आणि सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते. यासाठी ३० फूट लांब, १४ फूट रुंद व सुमारे २ फूट खोल असे खड्डे घेतले जात आणि हवा खेळावी म्हणून खत ठरावीक अंतराने तीन वेळा वरखाली केले जाई.

तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हे काम रोजच्या कामापासून वेगळे ठेवलेले नव्हते. पालापाचोळा गोठ्यात बैलांखाली अंथरला जाई. बैल तो तुडवीत आणि मूत्रात भिजलेले हे अंथरूण सकाळी गोठा झाडतानाच खड्ड्याकडे नेले जाई. कपाशीच्या कठीण पऱ्हाट्या प्रक्षेत्राच्या रस्त्यावर पसरून ठेवीत आणि ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जात. पऱ्हाट्या फोडण्यासाठी वेगळा मजूर लावावा लागत नसे. जे काम रोजच्या कामाच्या ओघात बसते तेच टिकते, हा इंदूरचा पहिला धडा होय.

दुसरा धडा मजुरांविषयीचा आहे. हॉवर्ड यांनी आपल्या प्रक्षेत्रावरील मजुरांना वेळेवर वेतन, कामाचे माफक तास, राहण्यास चांगली घरे व औषधोपचार यांची व्यवस्था केली होती. समाधानी मजूरवर्ग हा चांगल्या प्रक्षेत्राचा आधार आहे, असे त्यांचे मत होते. खड्ड्यातील ओलावा बरोबर आहे की नाही हे शेवटी तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या हातास कळते. त्याचे कामात लक्ष नसेल, तर कोरडा पडलेला खड्डा कागदोपत्री यशस्वी ठरतो, परंतु खत मात्र तयार होत नाही.

नुसते आदेश का पुरत नाहीत?

एखादा उत्साही अधिकारी येतो, परिपत्रक काढतो, खड्डा खणवितो, फलक लावतो आणि दोन वर्षे काम उत्तम चालते. पुढे त्याची बदली होते, खड्ड्यात गवत वाढते आणि फलक गंजतो. हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. यात कोणा एकाचा दोष नाही. महाराष्ट्रात १ जुलै २००६ पासून अमलात आलेल्या बदल्यांच्या अधिनियमानुसार अ, ब व क या गटांतील कर्मचाऱ्यांचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. माती सुधारण्यास व झाड वाढण्यास मात्र त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे जे काम दहा वर्षांचे आहे, ते तीन वर्षांच्या माणसावर सोपवून आपण मोकळे होतो.

याउलट माळी, पहारेकरी, शिपाई व नेहमीचे मजूर हे पुष्कळदा त्याच आवारात दीर्घकाळ काम करतात. कोणती झडप गळते, कोणत्या कोपऱ्यात पावसाचे पाणी साचते, कोणते दिवे विनाकारण जळतात, हे त्यांना तोंडपाठ असते. परंतु त्यांना कोणी विचारीत नाही आणि विचारल्यावाचून सांगण्याची त्यांना सवय नसते. शाश्वत व्यवस्थेची जबाबदारी जे टिकून राहतात त्यांच्या हाती असावयास हवी, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. अधिकाऱ्याने आरंभ करून द्यावा, साधने पुरवावीत व हिशेब पाहावा. परंतु काम ‘साहेबांचे’ न राहता ‘आपल्या आवाराचे’ झाले पाहिजे.

आवाराचे चार हिशेब

आरंभी मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. प्रत्येक आवाराने पुढील चार गोष्टींचा हिशेब ठेवावा.

१. पालापाचोळा : ज्या कार्यालयात जनावरे नाहीत तेथे शेण कोठून आणावे, अशी अडचण सांगितली जाते. तीवर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शोधलेली नाडेप पद्धत हा चांगला उपाय आहे. विटांच्या भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवून सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे टाके बांधावे. त्यात पालापाचोळा, शेणकाला व गाळलेली माती यांचे थर देऊन वरून शेणमातीने लिंपावे. एका टाक्यास अवघे ९० ते १०० किलो शेण पुरते व खत तीन ते चार महिन्यांत तयार होते. वरखाली करण्याचे श्रमही वाचतात. लिंपणास भेगा पडू न देणे व ओलावा टिकविणे एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. पाचोळा जाळणे हे केवळ नुकसानीचे नाही, तर नियमबाह्यही आहे. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये देशभर मनाई केली आहे.

२. पाणी : एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. समजा, कार्यालयाचे छप्पर २०० चौरस मीटर आहे आणि त्या गावी वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे त्या छपरावर १,२०,००० लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ९६,००० लिटर पाणी साठविता किंवा विहिरीजवळ मुरविता येते. दुसऱ्या बाजूस, ज्या नळातून सेकंदास एक थेंब गळतो, त्यातून दिवसाला सुमारे चार लिटर व वर्षाला सुमारे दीड हजार लिटर पाणी वाया जाते. नळाची चकती बदलण्यास काही मिनिटे पुरतात.

३. वीज : जुन्या पद्धतीच्या नळीदिव्यास त्याच्या चोकसह सुमारे ५० वॅट वीज लागते, तर त्याच कामाच्या एलईडी दिव्यास सुमारे २० वॅट पुरते. असे २० दिवे रोज आठ तास जळत असतील, तर दिवसाला ४.८ युनिट व महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत १२० युनिट विजेची बचत होते. वातानुकूलन यंत्र असेल तेथे तापमान २४ अंशांवर ठेवावे. परंतु सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जागेवरून उठताना बटण बंद करणे. त्यास कोणत्याही मंजुरीची आवश्यकता नाही.

४. कागद व इंधन : टिपणीचा मसुदा पाठकोऱ्या कागदावर करावा. जी माहिती संगणकावरून पाठविता येते तिच्या प्रती काढू नयेत. क्षेत्रभेटीस जाताना एकाच दिशेची गावे एकत्र करून वाहनाची फेरी ठरवावी.

कर्मचाऱ्यांचा सहभाग कसा मिळवावा?

सहभाग आदेशाने मिळत नाही. तो मिळण्यास पुढील गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली गोष्ट अशी की, महिन्यातून एकदा अर्ध्या तासाची बैठक घ्यावी व तीत अधिकाऱ्यापासून रोजंदारीच्या मजुरापर्यंत सर्वांना बसवावे. बोलण्याची सुरुवात सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याने करावी. साहेब आधी बोलले की पुढे माना डोलविण्यापलीकडे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट, हिशेब सर्वांना दिसेल असा ठेवावा. मीटरचे आकडे, खर्ची पडलेले पाणी व तयार झालेले खत यांची नोंद प्रवेशद्वाराजवळील फळ्यावर दरमहा खडूने लिहावी. मागील महिन्याचा आकडा शेजारीच असावा. ही नोंद ज्याच्या हातात काम आहे त्यानेच करावी. अंक लिहिणारा हात त्या अंकाची काळजी घेऊ लागतो.

तिसरी गोष्ट, प्रत्येक सूचनेस उत्तर द्यावे. सूचना मान्य झाली तर कधी अमलात येईल ते सांगावे. न झाल्यास कारण सांगावे. सूचनापेटी बसवून ती न उघडणे हे पेटी नसण्याहून वाईट होय.

चौथी गोष्ट, गळती किंवा नासाडी कळविणाऱ्यास कधीही दोष देऊ नये. ‘तू आजवर काय करीत होतास?’ हा प्रश्न एकदा विचारला गेला की पुढील गळती कोणी कळवीत नाही.

पाचवी गोष्ट, श्रेय नावानिशी द्यावे. टाक्यातील पहिले खत रोपवाटिकेस देताना ते कोणी तयार केले हे भेटीस आलेल्या शेतकऱ्यांना सांगावे. किंबहुना, ती माहिती त्या माळ्यानेच शेतकऱ्यांना द्यावी. अशा वेळी माळी हाच खात्याचा प्रचारक होतो, आणि शेतकऱ्यासही त्याचे बोलणे आपल्या माणसाचे बोलणे वाटते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. सहभागाच्या नावाखाली कनिष्ठांवर जादा कामाचा बोजा टाकू नये. पाला गोळा करणे, टाके भरणे व नोंद ठेवणे यांस लागणारा वेळ त्यांच्या नेहमीच्या कामात धरावा आणि फावडी, घमेली, हातमोजे ही साधने वेळेवर द्यावीत. रोजंदारीच्या मजुराचे वेतन थकलेले असताना त्यास पृथ्वीच्या रक्षणाविषयी व्याख्यान देणे शोभत नाही. इंदूरचा दुसरा धडा या ठिकाणी विसरता कामा नये.

तसेच वर्षातून एक दिवस रोपे लावून छायाचित्र काढणे म्हणजे शाश्वत व्यवस्था नव्हे. लावलेल्या रोपास पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार, हे त्या व्यक्तीच्या संमतीने आधी ठरवावे व मगच खड्डा घ्यावा. जगलेल्या रोपांची संख्या त्याच फळ्यावर लिहावी.

बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याने कार्यभार सोपविताना या चारही हिशेबांची वही नव्या अधिकाऱ्यास दाखवावी, आणि ती दाखविताना ते काम पाहणारे कर्मचारी शेजारी उभे असावेत. नव्या अधिकाऱ्यास त्यावरून कळेल की हे काम त्याच्या आधीपासून चालू आहे व त्याच्यानंतरही चालावयाचे आहे.

पानगळ दरवर्षी ठरल्या वेळी येते. ती सुरू होण्यापूर्वी प्रत्येक आवारात एक टाके, एक फळा व एक वही एवढी तयारी झाली तरी आरंभ पुरेसा आहे. पुढे एखादा शेतकरी दाखल्यासाठी कार्यालयात येईल, झाडाखाली राखेऐवजी खताचे टाके पाहील व माळ्यास त्याविषयी विचारील. खात्याच्या सल्ल्यावरील त्याचा विश्वास त्या उत्तरातून वाढेल.