जनयुद्धाकडून मतपेटीकडे : नेपाळमधील माओवादी पक्षाचे रूपांतर

सशस्त्र क्रांतीचा पुरस्कार करणारा पक्ष निवडणुकीच्या राजकारणात उतरला की त्याच्या या कृतीचे वर्णन दोन ठरीव प्रकारांनी होते. कोणी तिला परिपक्वता म्हणतात, तर कोणी तत्त्वच्युती. रूपांतराची प्रक्रिया मात्र दोन्ही वर्णनांत अस्पष्टच राहते. नेपाळच्या माओवादी पक्षाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ज्या ‘जन’ शब्दावर या पक्षाने आपले सारे राजकारण उभारले, त्या शब्दाचा अर्थच या प्रवासात पालटला.

निवडणूक या चळवळीला सर्वस्वी नवी नव्हती. १९९१ च्या निवडणुकीत तिच्या पूर्वसूरींनी संयुक्त जनमोर्चाच्या नावाने २०५ पैकी ९ जागा जिंकल्या होत्या. ४ फेब्रुवारी १९९६ रोजी बाबूराम भट्टराई यांनी सरकारपुढे चाळीस मागण्या मांडल्या आणि १३ फेब्रुवारीस ‘जनयुद्धा’ला प्रारंभ झाला. पुढील दहा वर्षांत त्यात १३,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रोल्पा, रुकुम यांसारख्या डोंगराळ जिल्ह्यांत ‘जनसरकार’ व ‘जनअदालत’ स्थापन झाली. ‘जनमुक्ती सेना’ उभी राहिली. या सर्व समासांतील ‘जन’ म्हणजे एकच इच्छा असलेला समूह होय. ती इच्छा कोणती, हे पक्ष सांगे. तिची मोजदाद करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

मोजदादीचा हा प्रश्न पक्षाच्याच एका मागणीतून उपस्थित झाला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लोकनियुक्त प्रतिनिधींनी नवे संविधान तयार करावे, असे त्या चाळीस मागण्यांपैकी एका मागणीत म्हटले होते. संविधान सभेचे वचन राजे त्रिभुवन यांनी १९५१ मध्येच दिले होते, पण ते पाळले गेले नव्हते. २००१ व २००३ च्या वाटाघाटी फिसकटल्या त्या मुख्यतः याच मुद्द्यावर. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सारी सत्ता हाती घेतल्यावर संसदीय पक्षही राजाविरुद्ध उभे ठाकले. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला दिल्लीत माओवादी व सात पक्ष यांच्यात बारा कलमी समझोता झाला. संविधान सभा ही युद्धाने मागितलेली, परंतु मतदानावाचून अस्तित्वात येऊ न शकणारी संस्था होती. म्हणूनच पक्षाला आपली मूळ मागणी न सोडता मतपेटीपर्यंत येता आले.

२००६ च्या जनआंदोलनात शब्दांचाही पालट झाला. तोवर नेपाळीत रूढ असलेला ‘प्रजातंत्र’ हा शब्द मागे पडून ‘लोकतंत्र’ पुढे आला. कारण ‘प्रजा’ म्हटली की राजा गृहीत धरला जातो. मराठीत ‘प्रजासत्ताक’ या शब्दातील ‘प्रजे’ला ही राजसापेक्षता आता जाणवत नाही. नेपाळात मात्र राजा सिंहासनावर असल्यामुळे ती जिवंत होती.

१० एप्रिल २००८ च्या निवडणुकीत माओवादी पक्ष सर्वांत मोठा ठरला. प्रमाणशीर मतदानात त्याला सुमारे २९ टक्के मते मिळाली, तर निवडून आलेल्या ५७५ सभासदांपैकी २२० त्याचे होते. हा विजय मोठा होता, पण ‘जन’ आता एक राहिला नव्हता. त्याचा उरलेला भाग इतर पक्षांकडे होता. पुष्पकमल दहाल ‘प्रचंड’ पंतप्रधान झाले खरे, परंतु सरसेनापतींना पदच्युत करण्याचा त्यांचा निर्णय राष्ट्राध्यक्षांनी रोखला आणि ४ मे २००९ रोजी त्यांनी राजीनामा दिला. खरी कसोटी लागली ती पराभवाच्या वेळी. २०१३ मध्ये पक्षाच्या जागा ८० वर आल्या. मतमोजणी चालू असतानाच पक्षाने गैरप्रकारांचा आरोप करून ती थांबविण्याची मागणी केली. तथापि अखेर त्याचे प्रतिनिधी सभागृहात जाऊन बसले. जनतेच्या नावाने बोलणाऱ्या पक्षाने जनतेचा नकार व्यवहारात मान्य केला, तो या वेळी.

या रूपांतराची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले. त्यांपैकी सुमारे १,४०० जणच अखेर राष्ट्रीय सेनेत सामील झाले. बहुतेकांनी रोख रक्कम स्वीकारून निवृत्ती पत्करली. अल्पवयीन असल्यामुळे किंवा उशिरा भरती झाल्यामुळे वगळलेल्या ४,००८ जणांच्या वाट्याला ‘अयोग्य’ हे विशेषण आले. त्यांना २०१० मध्ये छावण्यांतून घरी पाठविण्यात आले. लेखी हा शब्द केवळ नियमात न बसणारा एवढ्याच अर्थाचा होता. ज्यांनी कोवळ्या वयात युद्ध भोगले, त्यांना तो नालायक या अर्थानेच लागला.

२०२२ च्या निवडणुकीत २७५ पैकी केवळ ३२ जागा मिळूनही, आघाडी बदलून प्रचंड डिसेंबरमध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. निवडणुकीचे गणित पक्षाने पुरते आत्मसात केल्याचा हा पुरावा होय. राजेशाहीचा अंत, संविधान सभा व २०१५ चे संघराज्यात्मक संविधान हे या चळवळीचे नाकारता न येणारे फलित आहे, जरी त्याचे श्रेय तिच्या एकटीचे नसले तरी. परंतु मते मोजून सरकार बनविता येते म्हणून ‘अयोग्य’ ठरलेल्यांचे ऋण फिटत नाही. अशा पक्षाच्या स्थित्यंतराचा अभ्यास करणाऱ्याने मतांच्या आकड्यांशेजारी हा आकडाही मांडला पाहिजे.