‘पैसे दुप्पट’ म्हणजे नेमके किती टक्के?

नवी दिल्ली : ‘तुमचे पैसे दुप्पट’ ही घोषणा टपाल कार्यालयातील प्रमाणपत्रापासून विमा प्रतिनिधीच्या माहितीपत्रकापर्यंत आणि मोबाइलवर येणाऱ्या संशयास्पद संदेशापर्यंत सर्वत्र आढळते. मात्र दुप्पट रक्कम किती वर्षांत मिळणार, हे कळल्याशिवाय या शब्दाला आर्थिकदृष्ट्या काहीही अर्थ नसतो. नव्या गुंतवणूकदाराला ज्या संज्ञा समजून घ्याव्या लागतात, त्यांतील बहुतेक या एका प्रश्नाभोवतीच फिरतात.

गंमत अशी की, ‘दामदुप्पट’ हा मराठीतील जुना शब्द कर्जदाराच्या बचावासाठी होता. हिंदू कायद्यातील या नियमानुसार सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नसे. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मान्य केला होता. संरक्षणाची ही मर्यादा पुढे आमिषाचा शब्द कधी झाली, हे सांगणे कठीण आहे.

गुंतवलेल्या रकमेत सुरुवातीपासून अखेरपर्यंत झालेली वाढ म्हणजे एकूण परतावा. एक लाखाचे दोन लाख झाले, तर एकूण परतावा १०० टक्के. ही वाढ दरवर्षी सरासरी किती वेगाने झाली, हे चक्रवाढ वार्षिक वाढीचा दर, म्हणजेच ‘सीएजीआर’ सांगतो. पाच वर्षांत दुप्पट झालेल्या रकमेचा हा दर १४.९ टक्के असतो, दहा वर्षांसाठी ७.२ टक्के आणि पंधरा वर्षांसाठी अवघा ४.७ टक्के. तिन्ही ठिकाणी जाहिरातीतील शब्द मात्र तोच राहतो.

हा हिशेब तोंडी करण्यासाठी ‘७२ चा नियम’ उपयोगी पडतो. ७२ ला वार्षिक व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट होण्यास लागणारी अंदाजे वर्षे मिळतात. वर्षांनी भागले की दर मिळतो. इटालियन गणिती लुका पाचोली यांनी १४९४ मधील आपल्या ग्रंथात या नियमाचा उल्लेख केला आहे. अगदी चढ्या दरांना तो काटेकोर लागू पडत नाही, पण दैनंदिन व्यवहारात पुरेसा आहे.

किसान विकास पत्र हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. १९८८ मध्ये ही योजना सुरू झाली, तेव्हा रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. म्हणजे वर्षाला सुमारे १३.४ टक्के. २०११ मध्ये बंद झालेली योजना नोव्हेंबर २०१४ मध्ये पुन्हा आली, तेव्हा त्यासाठी १०० महिने लागत होते. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ७.५ टक्के दराने हा कालावधी ११५ महिने, म्हणजे ९ वर्षे ७ महिने झाला. व्याजावर व्याज मिळते, म्हणूनच हे शक्य होते. त्याच दराने सरळ व्याज दिले असते, तर दुप्पट होण्यास १३ वर्षे ४ महिने लागले असते. चक्रवाढीचा लाभ म्हणतात तो हाच पावणेचार वर्षांचा फरक.

या योजनेचे व्याज करपात्र आहे. व्याजावर २० टक्के कर भरणाऱ्याच्या हाती, उपकर न धरता, ७.५ ऐवजी ६ टक्के उरतात आणि रक्कम दुप्पट होण्याचा काळ १२ वर्षांवर जातो. शिवाय अडीच वर्षांपूर्वी, काही अपवाद वगळता, पैसे काढता येत नाहीत. गरजेच्या वेळी गुंतवणूक किती सहज रोख रकमेत बदलता येते, याला तरलता म्हणतात.

याहून मोठा मुद्दा महागाईचा. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्य ४ टक्के आहे. ते तंतोतंत साधले, तरी किमती १८ वर्षांत दुप्पट होतात. महागाई ६ टक्के राहिली, तर आज एक लाख रुपयांना मिळणाऱ्या वस्तूंसाठी पंधरा वर्षांनी सुमारे २ लाख ४० हजार मोजावे लागतील. ज्याचे पैसे तोवर दुप्पट झाले, तो कागदावर श्रीमंत आणि बाजारात ४० हजारांनी गरीब ठरेल. परताव्यातून महागाई वजा केल्यावर उरतो तो खरा परतावा, आणि तो उणेही असू शकतो.

हप्त्याने पैसे भरताना गणित बदलते. वर्षाला ५० हजार याप्रमाणे वीस वर्षे हप्ते भरले आणि वर्षअखेर २० लाख मिळाले, तर भरलेल्या दहा लाखांचे दुप्पट झाले असे सांगितले जाते. पण शेवटचा हप्ता एकच वर्ष गुंतलेला असतो, पहिला पूर्ण वीस वर्षे. अशा वेळी प्रत्येक हप्त्याचा काळ धरून अंतर्गत परतावा दर काढावा लागतो. येथे तो सुमारे ६.२ टक्के येतो. दहा लाख एकरकमी भरून वीस वर्षांनी वीस लाख मिळाले असते, तर दर ३.५ टक्केच भरला असता.

कर्ज घेताना हेच गणित ग्राहकाच्या विरोधात जाते आणि तेथे फसगत अधिक होते. एक लाखाच्या कर्जावर ‘फ्लॅट’ १२ टक्के व्याज लावून बारा समान हप्ते केले, तर दरमहा ९,३३३ रुपये भरावे लागतात. मुद्दल दर महिन्याला घटत असते, व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण एक लाखावर आकारले जाते. घटत्या शिलकीवर मोजल्यास हा दर सुमारे साडेएकवीस टक्के निघतो. म्हणूनच किरकोळ कर्जदारांना शुल्कासह वार्षिक दर दाखवणारे ‘मुख्य तथ्य पत्रक’ देणे रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक केले आहे. सही करण्यापूर्वी ते मागून घेण्याचा कर्जदाराला हक्क आहे.

राहिला प्रश्न वर्षभरात दुप्पट करून देणाऱ्यांचा. ती १०० टक्के वार्षिक परताव्याची हमी झाली, आणि कोणताही वैध व्यवसाय अशी हमी देत नाही. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आहे. ठेवी गोळा करणारी संस्था कोणत्या नियामकाकडे नोंदलेली आहे, हे रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर पाहता येते. तक्रारही तेथेच नोंदवता येते.