पाटी आणि पट्टा : आदिलाबादच्या गोंड मुलखातील नेतृत्वशिक्षण

लोकांचा कारभार लोकांतल्याच माणसांनी सचोटीने आणि कोणालाही बाहेर न ठेवता चालवावा, यासाठी अशी माणसे शिकवून तयार करता येतात का, हा प्रश्न भारतात बहुधा 1993 मध्ये अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीनंतरचा मानला जातो. सरपंचांची प्रशिक्षणे, त्यांच्यासाठी काढलेल्या पुस्तिका आणि संस्थांचे वर्ग हे सारे त्यानंतरच सर्वदूर दिसू लागले, हे खरे आहे. तथापि या प्रश्नाचे एक विचारपूर्वक उत्तर त्याआधी अर्धशतक, निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात, जैनूरजवळच्या मारलवाई नावाच्या गोंड गावात शोधले गेले होते. 1943 मध्ये तेथे सुरू झालेले गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटावे, कारण तेथील वाचनपुस्तके देवनागरी लिपीतली होती, पहिले विद्यार्थी थोडीफार मराठी वाचता येणारे होते आणि या कामाला पुढे बळ देणाऱ्यांत मराठीतील एक नामवंत इतिहासकार होता.

या केंद्राची गरज का निर्माण झाली, हे कळण्यासाठी त्या काळच्या महसुली दप्तरात डोकवावे लागते. आदिलाबादचे राजगोंड पिढ्यान्‌पिढ्या नांगरत असलेल्या जमिनीचा मोठा भाग कागदोपत्री सरकारी पडीक म्हणून नोंदला गेला होता आणि ती जमीन ते ‘शिवायजमाबंदी’ या प्रकाराने कसत होते. शिवायजमाबंदी म्हणजे कायम हक्क न देता वर्षापुरता सारा घेऊन दिलेली वहिवाट. कसणाऱ्याने सारा भरला तरी जमीन त्याची होत नसे, आणि दुसऱ्या कोणी पट्टा, म्हणजे कायम हक्काचा दाखला, मिळवला की त्याला बैलजोडीसह वाट धरावी लागे. जंगल राखीव करण्याची मोहीम, वनखात्याने काढलेल्या सीमारेषा, चराई आणि सरपणावरचे कर यांची त्यात भर पडली. यात एक गोष्ट सहसा सुटून जाते. पट्टा देणारे दप्तर उर्दू, तेलुगू किंवा मराठीत होते, ते पटवाऱ्याच्या घरी असे, आणि ज्यांच्या जमिनीविषयी ते होते त्यांच्यापैकी ते वाचू शकणारा माणूस शोधूनही सापडत नसे. अन्याय कायद्यात होताच, पण त्याहून अधिक तो वाचता न येणाऱ्या ओळीत होता. अर्ज-विनंत्यांची दाद न लागल्यावर कुमराम भीम याच्या नेतृत्वाखाली जोडेघाटच्या डोंगरात उठाव झाला आणि 1940 मध्ये निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात भीम व त्याचे सहकारी मारले गेले.

उठावानंतर निजाम सरकारने कारणे शोधण्यासाठी ज्या अभ्यासकाचा उपयोग करून घेतला, तो व्हिएन्नात 1909 साली जन्मलेला मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ होता. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा जर्मन पारपत्रामुळे तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि त्याच्या हालचाली हैदराबाद संस्थानापुरत्या मर्यादित करण्यात आल्या. एका परीने ही नजरकैदच आदिलाबादच्या पथ्यावर पडली. चेंचू आणि रेड्डी या जमातींचा अभ्यास करून तो पत्नी बेट्टी यांच्यासह मारलवाईला गवताने शाकारलेल्या घरात राहू लागला. त्याच सुमारास बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेले विल्फ्रिड ग्रिगसन हैदराबाद सरकारात महसूल खात्याचे सदस्य म्हणून आले. या दोघांनी काढलेला निष्कर्ष असा होता, की दयाळू अधिकारी नेमून हा प्रश्न सुटणार नाही, कारण अधिकारी बदलतो आणि पटवारी राहतो. गोंडांमधूनच नियम वाचणारी, अर्ज लिहिणारी आणि पुढे सरकारी जागांवर बसणारी माणसे निघाली पाहिजेत.

मारलवाईचे केंद्र या विचारातून उभे राहिले. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा असून तिचे शिक्षण देण्याची कोणतीही तयार सामग्री तेव्हा नव्हती, म्हणून गोंडीतील अंकलिपी आणि वाचनपुस्तके नव्याने तयार करून ती देवनागरीत छापण्यात आली. मराठीची तोंडओळख असलेल्या मोजक्या गोंड तरुणांना आधी शिक्षक म्हणून तयार करायचे, त्यांनी आपापल्या भागात गोंडीतून शाळा चालवायच्या आणि मुले अक्षरांत रुळल्यावर त्यांना राज्यव्यवहाराच्या भाषांकडे न्यायचे, असा क्रम होता. केंद्र तालुक्याच्या गावी न ठेवता गोंड वस्तीतच ठेवले गेले, यात मोठा अर्थ होता, कारण शिकणाऱ्याचा गावाशी संबंध तुटत नसे आणि तो काय शिकतो हे गाव रोज पाहत असे. शिक्षकांबरोबरच पटवारी, कारकून आणि वनरक्षक या जागांसाठीही या पिढीतून माणसे तयार झाली. गोंड पटवारी ही गोष्ट आज साधी वाटेल, पण आपल्या शेताची नोंद आपल्याच भाषेत बोलणारा माणूस वाचून दाखवतो, ही त्या मुलखासाठी सत्तांतराएवढी मोठी घटना होती.

या प्रयोगाला यश आले ते केवळ शिकवणे चांगले होते म्हणून नव्हे. शाळा आणि जमीनवाटप एकाच वेळी चालू होते, हे त्याचे मर्म होते. ‘लावणी खास’ या नियमांखाली, म्हणजे पडीक सरकारी जमीन लागवडीसाठी कायम हक्काने देण्याच्या तरतुदीखाली, 1940 च्या दशकात आदिवासींना पट्टे देण्याची मोहीम निघाली आणि 1949 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात सुमारे 11,000 आदिवासी कुटुंबप्रमुखांना मिळून जवळजवळ 1,60,000 एकर जमीन मिळाली. त्याच वर्षी हैदराबादच्या आदिवासी क्षेत्रविषयक कायद्याने अधिसूचित गावांत परक्यांच्या जमीनव्यवहारावर बंधने घातली आणि आदिवासी पंचायतींना अधिकृत स्थान दिले. नवशिक्षित तरुणाला पहिल्याच वर्षी हाताळायला खरे काम मिळाले आणि त्या कामात चूक झाली किंवा पक्षपात झाला तर विचारणारा माणूस शेजारच्या घरात होता. कारभारातील नीती ही वर्गात सांगून येत नाही, ती अशा जबाबदारीतून अंगी बाणते, एवढे तरी मारलवाईच्या अनुभवावरून ठामपणे म्हणता येते.

या कामात सेतुमाधवराव पगडी यांचा वाटा मराठीत पुरेसा सांगितला गेलेला नाही. निलंग्यात 1910 साली जन्मलेले पगडी पुढे शिवकाल आणि मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणणारे संशोधक म्हणून प्रसिद्ध झाले आणि 1992 मध्ये पद्मभूषण झाले. परंतु त्याआधी हैदराबाद संस्थानाच्या सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या आदिवासी भागात काम केले. त्यांचे वेगळेपण असे, की ते दुभाष्यावर विसंबले नाहीत. त्यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषा शिकून त्यांची व्याकरणे लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. फिर्यादी माणूस अधिकाऱ्यासमोर आपल्या भाषेत बोलतो तेव्हा मध्ये उभ्या असलेल्या दलालाचे महत्त्व आपोआप संपते, त्यामुळे ही भाषासाधना विद्वत्तेइतकीच प्रशासनाचीही बाब होती. नव्या सनदी अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमात हे उदाहरण आवर्जून असायला हवे.

मात्र मारलवाईला आदर्श मानून थांबणेही योग्य नाही. योजनेचे नावच गोंड शिक्षण योजना होते, आणि त्या डोंगरांत केवळ गोंड राहत नव्हते. डोंगरउतारावर फिरती शेती करणारे कोलाम, गोंडांची वंशकथा गाणारे परधान व थोटी, नाईकपोड, आणि घरात मराठीच बोलणारे आंध ही सारी माणसे तेथेच होती, आणि संख्येने मोठ्या व संघटित असलेल्या गोंडांना मिळालेला लाभ त्यांच्यापर्यंत त्या प्रमाणात पोहोचला नाही. कोलाम आणि थोटी आजही विशेष दुर्बल आदिवासी समूहांच्या यादीत आहेत. पंचांच्या बैठकीतही परंपरेने पुरुषच बसत, आणि नव्या शिक्षणाने घडवलेला पुढारीही पुरुषच होता. सर्वसमावेशक कारभार हा शब्द तेव्हा रूढ नव्हता म्हणून या उणिवा क्षम्य ठरतील, आज त्या क्षम्य ठरू नयेत.

1956 च्या राज्यपुनर्रचनेने या प्रयोगाचा पायाच हलवला. हैदराबाद राज्य विभागले जाऊन किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखात आले, उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला आणि तेथे शिक्षणाचे व दप्तराचे माध्यम तेलुगू झाले. देवनागरीत गोंडी वाचणारी आणि मराठीतून कारभार शिकलेली पिढी एका निर्णयाने पुन्हा अर्धसाक्षर ठरली. हायमेनडॉर्फ 1970 च्या दशकात परत आला तेव्हा बाहेरून आलेल्यांनी पट्ट्याच्या जमिनी बळकावल्याचे त्याला दिसले, जरी आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यास मनाई करणारा 1959 चा नियम तेलंगणात लागू झाला होता आणि 1970 मध्ये तो अधिक कडक करण्यात आला होता. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा आहे आणि प्रत्यक्षातील संख्या त्याहून बरीच मोठी असल्याचे स्थानिक लोक आजही सांगतात. जोडेघाटनंतर चाळीस वर्षांनी त्याच जिल्ह्यात त्याच कारणासाठी पुन्हा रक्त सांडले.

आजची कायदेशीर चौकट त्या काळापेक्षा कितीतरी भक्कम आहे. 1996 च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांत पंचायत राज्य लागू करताना ग्रामसभेला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याने, गौण वनोपज, सावकारी, दारूविक्री, गावबाजार आणि योजनांच्या लाभार्थ्यांची निवड या गोष्टींत ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा केला. या कायद्याखाली तेव्हाच्या संयुक्त आंध्र प्रदेशाने केलेल्या 2011 च्या नियमांनी प्रत्येक ग्रामसभेत लोकांनी निवडलेले उपाध्यक्ष आणि सचिव असावेत अशी तरतूद केली, आणि तेलंगणाच्या 2018 च्या पंचायत कायद्यानंतर अनेक गुडे, म्हणजे आदिवासी वाड्या, स्वतंत्र ग्रामपंचायती झाल्या. वाडीतलीच गोंड किंवा कोलाम बाई सरपंच होणे आता आरक्षणामुळे नित्याचे झाले आहे. परंतु तिला मिळणारे प्रशिक्षण बहुतेक तेलुगूत, थोड्या दिवसांचे आणि योजनांची माहिती देणारे असते. हिशेबाची वही, ठरावाचा मसुदा, वनहक्काच्या दाव्याचा नकाशा हे तिच्या हाती देऊन तिच्याकडून करून घेणारे ते क्वचितच असते. 2024 च्या सुरुवातीला तेलंगणातील सरपंचांची मुदत संपल्यावर पंचायती दीर्घकाळ विशेष अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहिल्या. शिकवायचे आणि सत्ता द्यायची नाही, या पद्धतीने कोणी शिकत नाही.

लोकांच्या स्वतःच्या संस्था मात्र मेलेल्या नाहीत. केसलापूर येथे पौष अमावास्येला मेसराम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी आणून नागोबाची महापूजा करतात, आणि त्या जत्रेत भरणाऱ्या दरबारात जिल्हाधिकारी व उटनूरच्या आदिवासी विकास संस्थेचे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात. हा दरबार हायमेनडॉर्फच्या काळात सुरू झाला. काही गावे मिळून बसणारी ‘राय सेंटर’ ही पारंपरिक न्यायसभा ‘सरमेडी’ या प्रमुखाच्या अध्यक्षतेखाली आजही तंटे मिटवते. नेतृत्वशिक्षण येथून सुरू व्हायला हवे होते, कारण ऐकून घेणे, सर्वांचे मत जमवणे आणि निर्णयाला उत्तरदायी राहणे यांची सवय या बैठकांत आधीच आहे. त्यात स्त्रियांची आणि लहान जमातींची जागा निर्माण करणे हे मात्र नव्याने करावे लागेल. लंबाडा समाजाच्या अनुसूचित जमातींतील समावेशावरून 2017 मध्ये या जिल्ह्यात जो तणाव झाला, तो मिटवण्यासाठीही दोन्ही बाजूंचे ऐकणारे असे तरुण नेतेच लागतील.

महाराष्ट्राच्या बाजूने पाहिले तर गडचिरोलीतील मेंढा-लेखा येथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून चाललेले अभ्यासगट याच विचाराचे आहेत. तेथे ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतो आणि त्याआधी त्या विषयाचा अभ्यास गावातच होतो. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत मेंढा-लेखाची गणना होते, यात त्या अभ्यासाचा हात आहे. आणि जिवती तालुक्यालगतच्या परमडोली, मुकदमगुडा यांसारख्या सीमावादातील गावांत तर दोन्ही राज्यांच्या शाळा, दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्या आणि दोन-दोन सरपंच आहेत. एकाच विहिरीचा ठराव दोन पंचायती करू शकतात अशा ठिकाणी नेत्याची सचोटी रोज कसाला लागते.

किनवट, राजुरा, जिवती, उटनूर आणि आसिफाबाद हा एकच गोंडी-कोलामी मुलूख आहे. पुण्याची यशदा आणि हैदराबादची ग्रामविकास संस्था यांनी मिळून ग्रामसभेच्या उपाध्यक्ष-सचिवांसाठी आणि महिला सरपंचांसाठी गोंडी व कोलामीतून, देवनागरी आणि तेलुगू अशा दोन्ही लिप्यांत छापलेला, वर्षभर गावातच चालणारा अभ्यासक्रम सुरू करावा, आणि शिकणाऱ्या प्रत्येकीच्या हाती पहिल्याच दिवशी ग्रामसभेचे दप्तर द्यावे, अशी मागणी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी.