स्पायडरमॅन, व्हिडिओ खेळांतील

स्पायडरमॅन, व्हिडिओ खेळांतील : अमेरिकन चित्रकथांतील एक लोकप्रिय अतिमानवी नायक आणि त्याच्यावर आधारलेले व्हिडिओ खेळ. लेखक स्टॅन ली (१९२२–२०१८) व चित्रकार स्टीव्ह डिटको (१९२७–२०१८) यांनी निर्माण केलेला हा नायक ‘अमेझिंग फँटसी’ या चित्रकथा-मालिकेच्या १५ व्या अंकात (ऑगस्ट १९६२) प्रथम अवतरला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात काका-काकूंकडे वाढलेल्या पीटर पार्कर या पोरक्या विद्यार्थ्यास किरणोत्सर्गी कोळ्याच्या दंशामुळे भिंतीवर चढण्याची शक्ती लाभते, अशी मूळ कथा आहे. मात्र ज्या धाग्यामुळे तो ओळखला जातो, तो मूळ चित्रकथेत त्याच्या शरीरातून निघत नाही. त्याचे रासायनिक द्रव्य तो स्वतः तयार करतो व मनगटावरील यंत्रातून फेकतो. म्हणजे हा धागा संपू शकतो, शिवाय तो कशाला तरी चिकटावा लागतो. चित्रकथेत हे दोन्ही तपशील दुय्यम वाटतात. व्हिडिओ खेळांत त्यांना विलक्षण महत्त्व आले.

अतिमानवी नायकास खेळात उतरविणे दिसते तितके सोपे नाही. खेळात अडचण हवी आणि सर्वशक्तिमान नायकास अडचण म्हणून नसते. ‘अटारी २६००’ या यंत्रासाठी १९७९ मध्ये निघालेल्या ‘सुपरमॅन’ या खेळात हा पेच स्पष्ट दिसतो. नायक उडू शकतो, अवजड वस्तू उचलू शकतो व मरत नाही. म्हणून खेळात रंग भरण्यासाठी क्रिप्टोनाइट या पदार्थाच्या स्पर्शाने त्याची शक्ती काढून घ्यावी लागते. लॉइस लेन भेटेपर्यंत तो सामान्य माणसासारखा पायी फिरतो. स्पायडरमॅनच्या बाबतीत अशी बाहेरून आणलेली युक्ती लागली नाही, कारण त्याच्या मर्यादा त्याच्या साधनातच होत्या.

स्पायडरमॅनवरील पहिला व्हिडिओ खेळ १९८२ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने त्याच यंत्रासाठी काढला. ही कंपनी मूळची पटावरील खेळांची. खेळाचा आज्ञावलीलेख लॉरा निकोलिच यांनी केला होता. एका उंच इमारतीवर चढायचे, वाटेत गुन्हेगार पकडायचे, स्फोटके निकामी करायची व माथ्यावरील ग्रीन गॉब्लिन या खलनायकास चुकवून मोठा बाँब निकामी करायचा, एवढाच त्याचा विषय. परंतु चढण्याचे एकमेव साधन धागा हेच होते. तो वर अथवा तिरपा फेकायचा, इमारतीस चिकटला तर त्याच्या आधारे वर जायचे. खिडकीतील गुन्हेगाराने तो तोडला, की नायक कोसळू लागतो. कोसळताना दुसरा धागा वेळेवर लावता आला तर जीव वाचतो. धाग्याचे द्रव्य सतत कमी होत जाते व गुन्हेगार पकडल्यावर वाढते. त्या काळच्या तुटपुंज्या चित्रणात नायकाचा चेहराही धड ओळखू येत नाही, तथापि खेळ खेळणाऱ्यास तो दुसऱ्या कोणाचा वाटणे शक्य नव्हते.

यानंतरच्या दशकातील बहुतेक खेळ मारामारीप्रधान होते. त्यांत नायकाच्या जागी दुसरा कोणी घातला असता तरी फारसे बिघडले नसते. ‘मॅक्सिमम कार्नेज’ (१९९४) हा खेळ लोकप्रिय झाला. पण त्याचा साचा रस्त्यावरील हाणामारीच्या इतर खेळांचाच होता. ‘स्पायडरमॅन व्हर्सेस द किंगपिन’ (१९९१) हा सेगा कंपनीचा खेळ मात्र वेगळा ठरतो. शहरात ठेवलेला बाँब २४ तासांत शोधावयाचा असतो. दरम्यान धाग्याचे द्रव्य विकत घ्यावे लागते आणि त्यासाठी पैसे हवेत. ते मिळविण्यासाठी खलनायकांशी झुंजत असतानाच त्यांची छायाचित्रे काढून ती वृत्तपत्रास विकावी लागतात. पीटर पार्करची आर्थिक ओढाताण हा चित्रकथेचा प्राण होता. तो संवादांतून न सांगता खेळाच्या नियमांतच गोवल्याचे हे बहुधा पहिले चांगले उदाहरण होय.

त्रिमितीय चित्रण शक्य झाल्यावर प्रश्न बदलला. नेव्हरसॉफ्ट या संस्थेने २००० मध्ये प्लेस्टेशनसाठी केलेल्या ‘स्पायडरमॅन’ खेळात नायक गच्च्यांवरून झोके घेत जातो. परंतु खाली रस्ता नसतो. खलनायकांनी शहरात विषारी धुके सोडले आहे, असे कथेत सांगितले जाते. खरे कारण असे, की तेव्हाच्या यंत्रास रस्त्यांसह संपूर्ण शहर रेखाटणे झेपणारे नव्हते. धागेही इमारतींना चिकटत नाहीत, वर मोकळ्या आकाशाकडे जातात. आदल्याच वर्षी निघालेल्या ‘सुपरमॅन’ खेळातही यंत्राची अशीच मर्यादा धुक्याने झाकली होती; मात्र त्यात वर्तुळांतून उडत जाण्याचे कंटाळवाणे काम वाट्यास आल्याने तो अपयशाचा नमुना म्हणून कुप्रसिद्ध झाला. धुके दोहोंकडे होते. झोक्याचा आनंद एकीकडेच होता. नेव्हरसॉफ्टच्या खेळाचा उत्तरभाग २००१ मध्ये आला. त्यातील अखेरची झुंज न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांसारख्या इमारतीवर होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर हे दृश्य बदलण्यात आले.

आकाशाला अडकलेला धागा इमारतीवर आणण्याचे श्रेय ट्रेयार्क या संस्थेच्या ‘स्पायडरमॅन २’ (२००४) या खेळास व विशेषतः त्यातील झोक्याची रचना करणारे जेमी फ्रिस्ट्रम यांना दिले जाते. नायकाभोवतीच्या इमारतींवर धागा चिकटण्याजोगे बिंदू संगणक शोधतो आणि धागा चिकटला, की नायकाची गती लंबकाप्रमाणे ठरते. लंबक तळाशी असताना वेग सर्वाधिक असतो. तेथे धागा सोडल्यास नायक वेगाने पुढे फेकला जातो. चढावर सोडल्यास उंची मिळते, पण वेग घटतो. धागा केव्हा सोडावा, हे खेळाडूच्या हाती असते. परिणामी शहरातून नुसते हिंडणे हीच एक साधनेने येणारी कला झाली. उंच इमारती संपल्या की झोकाही खुंटतो : सेंट्रल पार्कच्या मोकळ्या मैदानात हा नायक पायउतार होतो. चित्रपटावर बेतलेली त्या खेळाची कथा आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. पिझ्झा वेळेत पोहोचविण्याचे त्यातील किरकोळ काम मात्र आहे.

या खेळांची रंगभूमी न्यूयॉर्क का राहिली, याचे उत्तरही यातच आहे. काटकोनी रस्ते, त्यांच्या दोन्ही बाजूंस उंच इमारतींच्या सलग भिंती व मधे मोकळी पोकळी ही रचना झोक्यास सोयीची आहे. मुंबईत वावरणाऱ्या पवित्र प्रभाकर या नायकाची ‘स्पायडरमॅन : इंडिया’ ही चित्रकथा २००४ मध्ये निघाली, तथापि प्रमुख खेळांनी मॅनहॅटन सोडले नाही.

खेळांच्या वाटचालीवर कलेइतकाच हक्कांचाही प्रभाव पडला. चित्रपटांचे हक्क सोनी कंपनीकडे गेले, तरी व्हिडिओ खेळांचे हक्क मार्व्हलकडेच राहिले व ते करारान्वये वेगवेगळ्या प्रकाशकांना दिले गेले. २००० पासून २०१४ पर्यंत ॲक्टिव्हिजन कंपनीने जवळजवळ दरवर्षी एक खेळ काढला. या घाईचा परिणाम गुणवत्तेवर झाला आणि झोक्याची रचनाही अधूनमधून पुन्हा आकाशाकडे वळली. परवान्याची मुदत संपताच यांतील अनेक खेळ संगणकीय विक्रीतून काढून घेण्यात आले. छापील चित्रकथेचा जुना अंक रद्दीतही सापडू शकतो. अशा खेळाची जुनी प्रत न मिळाल्यास तो रीतसर मिळविण्याचा मार्ग उरत नाही.

इन्सोम्नियाक गेम्स या संस्थेने प्लेस्टेशन ४ साठी केलेला ‘मार्व्हल्स स्पायडरमॅन’ ७ सप्टेंबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाला व पहिल्या तीन दिवसांत त्याच्या ३३ लाख प्रती विकल्या गेल्या. यातील पीटर २३ वर्षांचा असून आठ वर्षे हे काम करीत आहे. धागे इमारतींना व झाडांनाही चिकटतात. मात्र संगणक खेळाडूस बरेच सांभाळून घेतो. पोलिसांचे पाळत ठेवणारे मनोरे दुरुस्त करण्याचे काम नायकाकडे दिल्याबद्दल काही समीक्षकांनी टीका केली. नायकाच्या शक्ती नसलेल्या पात्रांचे प्रसंगही त्यात आहेत. ते अनेकांना रटाळ वाटले. पण धागा नसलेल्या माणसाला तेच शहर केवढे मोठे व भयावह आहे, हे त्यांतून जाणवते. शेवटी मे काकूंचा जीव वाचवावा, की साथीवरील एकमेव औषध शहरासाठी राखावे, असा प्रसंग येतो. बहुतेक आधुनिक खेळांनी येथे खेळाडूस निवड दिली असती. या खेळाने ती दिलेली नाही. पीटर औषध राखून ठेवतो, काकू मरण पावतात आणि इतका वेळ सर्व हालचाली हातात असलेल्या खेळाडूस केवळ पाहत राहावे लागते.

यानंतर ‘माइल्स मोरालेस’ (२०२०) व ‘मार्व्हल्स स्पायडरमॅन २’ (२०२३) हे खेळ निघाले. माइल्स हा ब्रायन मायकेल बेंडिस व सारा पिकेली यांनी २०११ मध्ये निर्मिलेला दुसरा स्पायडरमॅन. २०२३ च्या खेळात दोन्ही नायक असून शहराचा विस्तार क्वीन्स व ब्रुकलिनपर्यंत झाला आहे. झोका घेताना संगणकाने किती साहाय्य करावे, हे त्यात शून्य ते दहा या श्रेणीत ठरविता येते. उंचावरून पडल्यास इजा व्हावी, असा पर्यायही खेळाडूस निवडता येतो.