तिसऱ्या शाळेचा शनिवार

पहाटे ४.४५

रात्री पुसायला लावलेल्या तीन हार्ड डिस्क पूर्ण पुसल्या गेल्या का, ते बघायला मी दात घासायच्या आधी खाली उतरते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचं हे गॅरेज शेजारच्या काकांनी गेल्या जूनमध्ये वापरायला दिलं. भाडं घेत नाहीत. त्यांची स्वतःची गाडी तेव्हापासून रस्त्यावर ऊन-पाऊस खाते आहे. गॅरेजात सध्या लोकांनी दिलेले ३४ जुने संगणक आहेत, दुरुस्त करून शाळांना द्यायचे. त्यांतले १० आज एका शाळेत जायचे आहेत.

फाइल 'डिलीट' केली की ती गेली असं बहुतेकांना वाटतं. खरं तर फक्त तिचा पत्ता खोडला जातो, मजकूर जागेवरच असतो. म्हणून पूर्ण डिस्कवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शून्यं लिहावी लागतात. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला दीड-दोन तास लागतात आणि पुन्हा वाचून खात्री करायला तेवढेच. ज्या कंपनीनं पहिले २० संगणक दिले, तिथले अधिकारी देताना अवघडून म्हणाले होते, "ताई, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण आमच्या लोकांच्या पगाराच्या स्लिपा आहेत त्यात." बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून प्रत्येक डिस्कचा क्रमांक, पुसल्याची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद देणाऱ्याकडे जातो. आज दोन पुसून झाल्यात. तिसरी अध्येमध्ये अडखळते आहे, म्हणजे तिचे दिवस भरले. ती शाळेत जाणार नाही.

५.३०

टेम्पोवाले मामा वेळेच्या आधी येतात. मॉनिटर आडवे टाकायचे नाहीत, उभेच ठेवायचे आणि काचेला काच लावून दोन्हींच्या मध्ये घडी घातलेली गोधडी, हे आता त्यांना सांगावं लागत नाही. सोबत दोन जास्तीचे माऊस, एक कीबोर्ड, पाच पॉवर केबल, मल्टिमीटर आणि खोडरबर. रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढला की संगणक नुसता ओरडतो, चालू होत नाही. चौथीच्या पोराचं खोडरबर त्यावर दोनदा फिरवलं की निम्मे 'मेलेले' संगणक उठून बसतात.

६.१५

खडकवासल्याहून पाबे घाटानं गेलं तर जवळ पडतं, पण मॉनिटर भरलेला टेम्पो त्या वळणांवर नको. सातारा रस्त्यानं नसरापूरला येऊन आम्ही आत वळतो. शाळा वेल्हे तालुक्यात आहे, त्याला आता राजगड तालुका म्हणतात. धुकं आहे, काच सारखी पुसावी लागते.

या रस्त्यावर मला दर वेळी खैरात-धनगरवाडा आठवतो. २००५ साली निकोलस निग्रोपोंटी यांनी जगातल्या गरीब मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. हिरवा-पांढरा, दणकट, उन्हातही दिसेल अशा पडद्याचा. २००७ मध्ये भारतातला त्याचा पहिला प्रयोग झाला तो आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या या वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत. मी तेव्हा कॉलेजात होते आणि वर्तमानपत्रातला तो फोटो कापून ठेवला होता. पुढे पेरू देशात हे लॅपटॉप लाखोंनी वाटले गेले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांना लॅपटॉप चालवता येऊ लागला होता, पण गणिताच्या आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. हे काम सुरू करायचं ठरवलं तेव्हा मी तो अहवाल आधी वाचला आणि दोन रात्री झोपले नाही. त्यातून आमचे दोन नियम आले: शिक्षक दोन दिवस शिकायला तयार असतील त्याच शाळेत जायचं, आणि जिथं दर महिन्याला आपल्याला पोचता येईल तिथंच द्यायचं. म्हणून सात महिन्यांत ही फक्त तिसरी शाळा.

७.४०

शनिवारची सकाळची शाळा. प्रजासत्ताक दिन जवळ आल्यानं पटांगणात कवायत चालली आहे. पहिली ते सातवी ४१ मुलं, एक सर, एक बाई. टेम्पो दिसल्यावर रांग मोडते आणि सरांची शिट्टी कुणालाही ऐकू येत नाही.

खरं तर हे संगणक डिसेंबरातच इथं यायचे होते. आलेही होते. पहिला जोडला, मी सीपीयूच्या पत्र्याला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. शाळेला अर्थिंगच नव्हतं. तीन छिद्रांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या छिद्रामागे तार नव्हती. अर्थिंग नसलं की संगणकाच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून पत्र्यावर विजेचा जवळजवळ निम्मा दाब चढतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण ओल्या पायांनी आलेल्या पोराच्या हाताला तो लागणं मला चालणार नव्हतं. मुलं दारात दाटीनं उभी होती. त्यांच्यासमोर दहाही संगणक पुन्हा टेम्पोत भरले. एक मुलगी रडायला लागली. सर म्हणाले, "ताई, ठेवा ना, आम्ही जपून वापरू." परतीच्या रस्त्यात मी मामांशी एक शब्द बोलले नाही.

मग सरांनी जे केलं ते मी लिहून ठेवते आहे. त्यांनी गावातला वायरमन गाठला. शाळेमागे, नळाचं सांडपाणी जिरतं तिथं, पोरांच्या बापांनी खड्डा खणला. पाइप उभा करून भोवती मीठ आणि कोळशाचे थर द्यायचे होते. कोळसा विकत आणला नाही. प्रत्येक मुलानं घरच्या चुलीतला मूठ-मूठ आणला. एका आजीनं म्हणे शेगडीसाठी ठेवलेलं अख्खं टोपलं दिलं.

आज मी मल्टिमीटर लावते. फेज ते अर्थ २२६ व्होल्ट. न्यूट्रल ते अर्थ दीड. तिन्ही सॉकेट मोजते, आकडे सरांना दाखवते. सर ते फळ्यावर लिहितात आणि मुलं टाळ्या वाजवतात. व्होल्ट म्हणजे काय हे सातवीला नुकतंच कळू लागलंय, पहिलीला टाळ्याच पुरेशा.

नऊपर्यंत दहा जोडून होतात. त्यांत लिनक्स आहे, मेनू मराठीत. इथं इंटरनेट नाही, म्हणून मराठी विकिपीडियाची अख्खी प्रत, बालभारतीची पुस्तकं, चित्रं काढायचं 'टक्स पेंट' आणि गोष्टी हलत्या करायचं 'स्क्रॅच' आतच भरून आणलंय. सातवीच्या दोघींनी पहिल्यांदा शोधलं ते 'तोरणा'. खिडकीतून तो दिसतो. वाचता वाचता त्या पडद्याकडे आणि बाहेर आळीपाळीनं बघत होत्या.

कीबोर्डवर देवनागरीची चिकटपत्रं लावली आहेत, इनस्क्रिप्टची. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवलेली ही मांडणी: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. इंग्रजी स्पेलिंगमधून मराठी लिहायची सवय लागलेल्या मोठ्या माणसांना ती अवघड वाटते. मुलांना नाही, कारण त्यांना मोडायला जुनी सवयच नसते. तिसरीतला एक धनगराचा पोरगा एका बोटानं शोधत शोधत ब, क, र आणि वेलांटी उमटवतो. बकरी. चार कळा, शिफ्टसुद्धा लागत नाही. तो मागे सरकून बघतो, पुन्हा लिहितो, पुन्हा. अकरा बकऱ्या होतात.

मग विचारतो, "ताई, ह्यो तुमच्याकडं जुना झाला म्हून आमाला दिला का?"

खोलीत शांतता. बाई त्याला दटावायला पुढे होतात, मी थांबवते. खोटं सांगायचं नव्हतं. म्हटलं, "जुना आहे. एका हापिसात होता. पण मी तो सगळा उघडला, धूळ काढली, आतला सेल नवा घातला, आणि माझ्या घरी माझ्या मुलीनं यावर आठ दिवस अभ्यास केला. तिला चालला, तेव्हाच इथं आणला."

तो मान डोलावतो. त्याचं समाधान झालं की नाही मला कळत नाही. पुढचा प्रश्न येतो: "ही बकरी कागदावर येती का? आजीला दावायची हाय."

१.३०

परत पुण्यात, सुटे भाग घ्यायला. तपकीर गल्लीत पार्किंग मिळणं हे वेगळं प्रकरण, म्हणून मामा शनिवारवाड्यापाशी सोडतात. नाण्याएवढे सेल २०, प्रोसेसरवर लावायची पेस्ट, पाच एसएसडी. काही कंपन्या डिस्क काढून घेऊनच संगणक देतात, तेव्हा हा खर्च आपला. दुकानदार दादा बिल करताना नेहमीसारखे दोन माऊस पिशवीत टाकतात आणि ते बिलात लिहीत नाहीत.

३.००

शनिवारी दुपारी सहाजण मदतीला येतात. चौघं हिंजवडीत नोकरी करणारे, दोन पॉलिटेक्निकच्या मुली. सध्या संगणक भरपूर येतात, त्याचं कारण साधं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची टीपीएम २.० ही चिप लागते. सात-आठ वर्षांपूर्वीच्या हजारो चांगल्या यंत्रांना ती अट पुरी करता येत नाही. लिनक्सवर तीच यंत्रं आणखी पाच वर्षं सहज काढतील.

पण आलेलं सगळं देण्यासारखं नसतं, आणि याबाबत माझं मन फार कडक झालंय. आज एका गृहस्थांनी गाडीतून चार खोकी उतरवली. फुगलेल्या बॅटरीचे लॅपटॉप, तुटलेले कीबोर्ड, तोंडात चिमणीचं घरटं असलेला एक सीपीयू. "गरीब मुलांना काय, चालेल," म्हणाले. मी हात जोडून सांगितलं की हे भंगार आहे, मी घेते, पण मुलांसाठी नाही. फुगलेल्या बॅटऱ्या वाळूच्या डब्यात गेल्या, बाकीचं अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जाईल. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला आम्ही एक तारही देत नाही. ती तार तांब्यासाठी कुठंतरी उघड्यावर जाळली जाते, आणि जाळणारे हात पुष्कळदा लहान असतात. एका मुलाला संगणक द्यायचा आणि दुसऱ्याला तो धूर, हे मला झेपणार नाही.

सहापर्यंत सात यंत्रं तयार. पॉलिटेक्निकच्या धाकट्या मुलीनं आज पहिल्यांदा एकटीनं प्रोसेसर काढून पेस्ट लावली. हात थरथरत होते, पण कुणाला मदत मागितली नाही.

७.३०

जेवणाआधी कागद. संस्था काढताना मला वाटलं होतं, संगणक मिळवणं अवघड जाईल. ते सोपं निघालं. अवघड निघाली ती नोंदणी: सात सभासद, घटना, नियमावली, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या फेऱ्या. आमचा पहिला अर्ज परत आला, कारण उद्देशात 'संगणक वाटप' एवढंच लिहिलं होतं. तिथल्या एका लिपिकबाईंनी शांतपणे समजावलं, "उद्या तुम्हाला शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायचं असेल, वायरिंग करून द्यायचं असेल. ते उद्देशात नसेल तर पैसा कसा खर्च कराल?" अर्थिंगच्या वेळी मला त्या बाई आठवल्या.

आज तीन देणगीदारांना तेच उत्तर पाठवते: प्राप्तिकरातली देणगीची सवलत पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूच्या नाही. जुना लॅपटॉप दिलात तर आम्ही मनापासून पोचपावती देऊ, पण करात त्याचा उपयोग होणार नाही. हे वाचून काहीजण पुढे येत नाहीत. एकानं मात्र लगेच लिहिलं, "ठीक आहे, कधी घेऊन येऊ?"

मग नोंदवही. यंत्र क्रमांक ४१ ते ५०, शाळा, तारीख, पुढची भेट १४ फेब्रुवारी.

९.४५

मुलगी झोपली. मी पुन्हा गॅरेजात येते. मागच्या भिंतीला एक लेझर प्रिंटर दोन महिने पडून आहे, कुणीतरी संगणकांबरोबर दिलेला. आतून धुळीचा बोळा निघतो. कागद ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत झालाय, तो ओल्या फडक्यानं घासते. पहिला कागद अडकतो. दुसरा वाकडा येतो. तिसऱ्यावर डाव्या कडेनं एक काळी रेघ आहे, ड्रमवर ओरखडा असावा, सोमवारी तपकीर गल्लीत विचारायला हवं. पण रेघेच्या उजवीकडे, मोठ्या ठशात, स्वच्छ आलंय: बकरी.